दोन स्पीकर आणि एक खोली

अमरावतीला राजापेठेत आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक राहतात. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलाने त्यांना एक छोटा स्टीरिओ अँप्लिफायर, एक जुना पण चांगला कॅसेट डेक आणि दोन लहान स्पीकर आणून दिले. पुस्तकांच्या कप्प्यात मावतील एवढ्या त्या पेट्या. मुलगा घाईत जोडणी करून परत गेला.

सरांजवळ एक कॅसेट आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी घरीच, एका माइकवर, त्यांनी पत्नीची भजने ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. बाई आता हयात नाहीत. घरचा टेपरेकॉर्डर बंद पडल्यापासून ती कॅसेट कपाटातच होती. आम्ही भेटायला गेलो तेव्हा सर म्हणाले, "झिजली नं जी कॅसेट. आवाज पातळ झाला, अन् कुठून येते तेच समजत नाही. आता मी लावतच नाही. आणखी झिजून जाईन."

आम्ही ती लावायला सांगितली. सरांचे वर्णन अगदी बरोबर होते. आवाज पातळ होता, डग्गा जवळजवळ नव्हताच, आणि गाणे खोलीत कुठेच 'उभे' राहत नव्हते. पण कॅसेट झिजली की आधी वरच्या पट्टीची तकाकी कमी होते, खालचा भाग सहसा टिकतो. इथे उलटे झाले होते. त्यामुळे आमचा संशय कॅसेटवर न जाता मागच्या तारांवर गेला.

स्पीकरमध्ये कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक शंकू असतो. त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात बसवलेले असते. वेटोळ्यातून एका दिशेने वीज गेली की शंकू पुढे येतो, उलट दिशेने गेली की मागे जातो. म्हणून स्पीकरच्या मागे लाल आणि काळी अशी दोन टोके असतात. एका स्पीकरला लाल-काळे उलटे जोडले तर तो एकटा ऐकताना काहीच फरक कळत नाही. गंमत दोघे एकत्र वाजू लागले की होते. एकाचा शंकू पुढे येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो. एक हवा दाबतो, दुसरा विरळ करतो. दोन्ही लहरी विरुद्ध कलेत असल्यामुळे त्यांचे व्यतिकरण होऊन त्या एकमेकींना खाऊन टाकतात.

मग सगळाच आवाज का जात नाही? इथे तरंगलांबी पाहावी लागते. २५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास, तर ५००० हर्ट्झच्या स्वराची फक्त ७ सेंटिमीटर. दोन स्पीकरपासून आपल्या कानापर्यंतच्या अंतरात २०-३० सेंटिमीटरचा फरक असला तरी साडेतीन मीटरच्या लहरीला तो नगण्य, म्हणून खालचे स्वर जवळजवळ पूर्ण कटतात. वरच्या स्वरांच्या बाबतीत तेवढ्याच फरकात कितीतरी लांब्या बसतात. ते कुठे कटतात, कुठे वाढतात, आणि भिंतींवरून परतलेले वेगळेच. परिणाम असा की घनता जाते आणि किनार तेवढी उरते.

उजव्या स्पीकरच्या तारा उलट्याच निघाल्या. त्या बदलल्या आणि भजन पुन्हा लावले. आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, जिथे भिंतीवर नुसते कॅलेंडर टांगलेले होते, तिथे येऊन उभा राहिला. सर काही वेळ त्या कॅलेंडरकडेच पाहत होते.

शाळेत हे सहज करून दाखवता येईल. दोन सारखे स्पीकर समोरासमोर तोंड करून, मध्ये चार बोटे अंतर ठेवून उभे करा. दोघांना एकच, म्हणजे मोनो, ध्वनिमुद्रण द्या. मग एकाच्या तारा उलट करून ऐका. ढोलकीचा घुमार एकदम नाहीसा होतो. आधी अँप्लिफायर बंद करायचा आणि मगच तारांना हात लावायचा, हे मात्र विद्यार्थ्यांना बजावून सांगावे. टोकांवर लाल-काळी खूण नसेल, तर तारा अँप्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा साधा सेल त्यांना क्षणभर टेकवावा. शंकू पुढे आला तर सेलचे धन टोक ज्या टोकाला लागले ते लाल.

आता त्या कॅलेंडरचा प्रश्न. तिथे स्पीकर नव्हता, मग आवाज तिथून कसा आला? डाव्या-उजव्याचा अंदाज आपण बऱ्याच अंशी दोन कानांवर ध्वनी पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून घेतो. अगदी बाजूने येणाऱ्या ध्वनीसाठी हा फरक सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग असतो. वरच्या स्वरांसाठी डोक्याची 'सावली' पडून तीव्रतेत होणारा फरकही कामी येतो. दोन्ही कानांना सारखेच मिळाले की मेंदू म्हणतो, आवाज समोरून आला. या भासाचा पद्धतशीर उपयोग करण्याचे श्रेय ॲलन ब्लूमलाइन या ब्रिटिश अभियंत्याला जाते. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने स्टीरिओ ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पडद्यावरचे पात्र एका बाजूला आणि त्याचा आवाज दुसरीकडून, हे चित्रपटगृहात त्याला खटकले होते असे सांगतात. आपल्याकडे 'आलम आरा' त्याच वर्षीचा आणि प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, रडारच्या चाचणीच्या वेळी विमान कोसळून ब्लूमलाइन गेला. त्याची कल्पना घरोघर पोहोचायला पुढे पंधरा-वीस वर्षे लागली.

त्यामुळे जोडी नीट लागली आहे की नाही हे तपासायला स्टीरिओ नव्हे, तर जुने मोनो ध्वनिमुद्रण उत्तम. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'तले कोणतेही जुने गीत घ्या. गायक बरोबर मध्ये, एका बिंदूपाशी ऐकू आला पाहिजे. तो एका बाजूला सरकला असेल तर एक स्पीकर जवळ आहे, किंवा दोघांची जात वेगळी आहे. एक जुना आणि एक नवा असा संसार याच कारणाने जमत नाही. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, त्यामुळे खालचा सा डावीकडून आणि वरचा सा उजवीकडून येऊ लागतो.

जागा नेमकी किती महत्त्वाची, याचा हिशोब पायथागोरसच करून देतो. समजा दोन स्पीकर सहा फुटांवर आहेत आणि ऐकणारा समभुज त्रिकोणाच्या तिसऱ्या कोपऱ्यात, म्हणजे दोघांपासून सहा-सहा फुटांवर आहे. तो फक्त एक फूट उजवीकडे सरकला तर उजवा स्पीकर सुमारे ५.६ फुटांवर येतो आणि डावा ६.६ फुटांवर जातो. फरक एका फुटाचा, वेळेत सेकंदाचा सुमारे ०.०००९ भाग. एवढ्यानेही आवाज उजव्या पेटीत उडी मारतो. आधी पोहोचलेल्या ध्वनीलाच मेंदू दिशेचा मान देतो. जर्मनीत हेल्मुट हास याने १९४९ च्या सुमारास यावर बारकाईने काम केले.

तारा मात्र लहान-मोठ्या असल्या तरी चालतात. हवेत पाच मीटर जायला ध्वनीला सेकंदाचा सत्तरावा भाग लागतो, तारेतल्या संदेशाला तेवढ्याच अंतरासाठी काही अब्जांश सेकंद. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या जोडतारेचा जाऊन-येऊन रोध साधारण एक तृतीयांश ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो किरकोळ आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या तारांवर शिक्षकाने पगार खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तसेच खोक्यावर छापलेल्या 'पीएमपीओ' वॉटच्या आकड्यांनी भारावून जाऊ नये. घरात ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॉटच खर्ची पडतात. पाहायचे ते ओहम. अँप्लिफायरला किमान चार ओहम चालत असतील आणि आपण चार-चार ओहमचे दोन स्पीकर एकाच टोकांना समांतर जोडले, तर रोध दोनवर येतो आणि अँप्लिफायर तापतो. गॅदरिंगच्या वेळी जास्तीचे स्पीकर जोडताना हे विसरले जाते.

सरांकडे तारा बदलल्यावरही एक दुखणे उरले होते. एक स्पीकर लोखंडी कपाटावर, छताजवळ, आणि दुसरा कोपऱ्यात जमिनीवर होता. वरच्या स्वरांची तरंगलांबी लहान असल्यामुळे ते टॉर्चच्या झोतासारखे समोरच जातात, म्हणून छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीवर हवा. सर गादीवर बैठक मारून ऐकतात, तेव्हा ही उंची खुर्चीपेक्षा फूटभर कमी. कोपऱ्यातल्या स्पीकरचे उलट होते. दोन भिंती आणि फरशी तिन्ही मिळून खालचे स्वर फुगवत होत्या. कपाटाचे पत्रे तर एका ठरावीक स्वराला आपणहून झणझणत होते.

खोलीचे स्वतःचेही स्वर असतात. बंद नळीतल्या हवेप्रमाणे दोन समोरासमोरच्या भिंतींत स्थिर तरंग तयार होतो. त्याची सर्वात कमी वारंवारता म्हणजे वेग भागिले लांबीची दुप्पट. सरांची खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. बारा फुटांना सुमारे ४७ हर्ट्झ येते आणि दहा फुटांना ५७. रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५७ वर दोन स्वर एकावर एक बसतात, आणि त्यांच्या पटीतल्या ११३ वरही. डग्ग्याचा एखादाच घाव 'भुम्म' करून उठतो तो यामुळे. वऱ्हाडात आणखी एक मौज आहे. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना ध्वनीचा वेग ३३९ मीटर, तर मे महिन्यात ४२ अंशांना ३५७. म्हणजे खोलीचा स्वर उन्हाळ्यात पाच टक्क्यांनी चढतो, जवळजवळ अर्ध्या स्वराएवढा. अर्थात मे महिन्यात कूलर सुरू असताना तो कोणाला ऐकू येणार!

स्थिर तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वात जास्त आणि पहिल्या तरंगासाठी खोलीच्या मधोमध शून्य असतो. भिंतीला टेकून बसले तर घुमार अति, नेमके मध्यावर बसले तर उणा. मागच्या भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बसणे हा त्यातला समझोता. स्पीकरचेही तसेच. त्याच्या पुढच्या पृष्ठभागापासून मागची भिंत दोन फुटांवर असेल, तर भिंतीवरून परतलेली लहर १४२ हर्ट्झच्या आसपास थेट लहरीला उलट कलेत भेटते आणि तिथे खड्डा पडतो. हा खड्डा पूर्ण टाळता येत नाही. मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनची अंतरे सारखी ठेवली नाहीत, तर निदान दोन खड्डे एकाच जागी पडत नाहीत.

राहिला निनाद. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजेना, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तो निनाद किती कमी होतो ते मोजत असे. त्यातून सूत्र निघाले: निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले एकूण शोषण. सरांची खोली ३४ घनमीटर. गिलावा आणि फरशी ध्वनीचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात असे धरले तर रिकाम्या खोलीत निनाद जवळजवळ तीन सेकंद टिकेल. सहा चौरस मीटरभर गाद्या, गोधड्या, जाड पडदे असे काही मऊ सामान आले की तो एका सेकंदावर येतो. रिकाम्या वर्गात फळ्याजवळून बोललेले मागच्या बाकावर का कळत नाही, आणि मुले येऊन बसली की का कळू लागते, तेही या सूत्रात आहे.

आम्ही दोन्ही स्पीकर दोन स्टुलांवर, सहा फुटांवर, किंचित सरांच्या दिशेने वळवून ठेवले. मागच्या भिंतीवर जुनी गोधडी टांगली. सरांनी आपल्या बैठकीच्या जागी फरशीवर खडूने फुली मारली. सून पुसून टाकेल म्हणून दोन दिवसांनी त्यांनी तिथे रंगाचा ठिपका दिल्याचे फोनवर कळले. कॅसेटची संगणकावर प्रत करून घ्या, असे आम्ही त्यांना सांगितले आहे, कारण टेप आज बरी असली तरी ती कायम टिकणारी वस्तू नाही. प्रत करताना दोन्ही वाहिन्या एकाच कलेत आहेत की नाहीत, हे आधी ते स्वतः तपासणार आहेत.