पांढरीच्या मातीतील भोगवर्धन

वेरूळ-अजिंठा पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगरला येणारा प्रवासी शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याकडे क्वचितच वळतो. औरंगाबादची लेणी, सोनेरी महाल आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे वस्तुसंग्रहालय ही तिन्ही स्थळे तेथे एका सकाळच्या फेरीत पाहता येतात. वारशाची आवड असणारे गट ही वाट धरतात, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र लेण्यांतील शिल्पे आणि महालातील सोनेरी रंगकामाचे अवशेष पाहून आलेल्या या मंडळींची, संग्रहालयातील खापरे, मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे पाहून प्रथम थोडी निराशाच होते. ती दूर करावयाची तर हे तुकडे कोठून आले, हे सांगावे लागते.

मराठवाड्यातील जुन्या गावांची वस्ती बहुधा पांढरीवर वसलेली असते. शेतजमीन ती काळी आणि शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, पडलेल्या भिंती व केरकचरा साचून उंचावलेली ती पांढरी. भोकरदनची पांढरी अशीच आहे. हे गाव 1981 पासून जालना जिल्ह्यात आहे; त्यापूर्वी ते औरंगाबाद जिल्ह्यात होते. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी तेथे संयुक्त उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. रमेश शंकर गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या नगराचे नाव कोरलेले आढळते.

सातवाहन काळात पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर हे नगर भरभराटीस आले होते. अकीकासारख्या दगडांचे मणी आणि शंखाच्या वस्तू तेथे सापडल्या. परंतु सर्वाधिक चर्चा झाली ती एका खंडित हस्तिदंती स्त्रीमूर्तीची. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले. तेथे 1938 मध्ये जवळपास 25 सेंटिमीटर उंचीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनची मूर्ती आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेली हस्तिदंती मूर्ती या दोहोंचे तिच्याशी विलक्षण साम्य आहे. पाँपेईची मूर्ती भोकरदन परिसरातच घडली असावी, असे मत डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडले. एका लहान गावाचा रोमन जगाशी असा संबंध जुळतो, तो मूर्ती सुंदर आहे म्हणून नव्हे. ती कोणत्या जागी, कोणत्या थरात आणि कोणत्या नाण्या-खापरांसोबत मिळाली याची नोंद आहे म्हणून. बाजारात विकत घेतलेल्या देखण्या मूर्तीला ही साक्ष देता येत नाही.

पांढरीची माती धाब्याच्या घरांसाठी व शेतासाठी पिढ्यान्‌पिढ्या उकरली गेली आहे. आता घराचा पाया खणताना यंत्र एका दिवसात अनेक शतकांचे थर उलटेपालटे करते. पावसाळ्यानंतर उघडे पडलेले मणी व नाणी पोरेटोरेही वेचतात. सापडलेली वस्तू सरकार फुकट घेऊन जाईल, या भीतीने ती पुष्कळदा लपविली जाते किंवा मोडीत घातली जाते. ही भीती अनाठायी आहे. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. चौकशीनंतर शासनाने ती संपादन केल्यास वस्तूतील द्रव्याची किंमत आणि तिच्या एक पंचमांश इतकी अधिक रक्कम देण्याची तरतूद याच अधिनियमात आहे. माहिती लपविणे हा मात्र गुन्हा ठरतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परदेशी पाठविण्यास 1972 च्या पुरावस्तू अधिनियमाने खाजगी व्यक्तींना मनाई केली आहे.

वस्तू हाती आल्यास ती घासू नये आणि चिंच किंवा लिंबाने उजळवू नये. सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची व पोटीन या मिश्रधातूची असतात. घासताच त्यांवरील अक्षर पुसले जाते, आणि ते कोणत्या राजाचे हे मग कोणालाच सांगता येत नाही.