दांतांची राखण आणि डागडुजी

मोडलेलें हाड सांधतें, कापलेली कातडी भरून येते, छाटलेलें नख पुन्हां वाढतें. परंतु दांताला एकदां भोंक पडलें म्हणजे तें आपण होऊन कधींही बुजत नाहीं. दांतांवरील शुभ्र कवच, ज्याला दंतवल्क असें म्हणतात, तें मानवी शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य होय. त्याचा शेंकडा ९६ च्या सुमाराचा भाग खनिजांचा असतो. पण हें कवच घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येईपर्यंतच टिकतात, नंतर त्या नाहींशा होतात. किल्ल्याचा तट उभारून गवंडी कायमचे निघून जावे आणि पुढें ढासळलेला चिरा बसविण्यास कोणीच उरूं नये, तशी ही स्थिति असते. त्यामुळें दंतवैद्याचा प्रत्येक उपचार हा एक तर तटाची राखण असतो, नाहीं तर माणसाच्या हातची डागडुजी. आणि डागडुजीला जितका उशीर होईल तितका दांताचा अधिक भाग तिच्यापायीं खर्ची पडतो.

‘दांताला कीड लागली’ असें म्हणण्याचा प्रघात असला तरी तेथें वळवळणारा किडा नसतो. विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानें बर्लिन येथें संशोधन करून १८९० सालीं असें प्रतिपादन केलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांतांतील खनिजें विरघळवितें. गोड पदार्थ तोंडांत गेल्यावर कांहीं मिनिटांतच हें आम्ल वाढतें, आणि लाळेच्या योगानें तें निवण्यास अर्धा ते एक तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षां ती किती वेळां खाल्ली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. जेवणांत खाल्लेला लाडू जितका बाधत नाहीं तितका दिवसभर तासातासानें घेतलेला गोड चहा बाधतो. दोन खाण्यांच्या मधल्या अवकाशांत लाळ गेलेलें खनिज थोडेंबहुत परत देते. दांतावर प्रथम जो खडूसारखा पांढरा डाग दिसतो तो या अवस्थेंत परतविता येतो. भोंक पडल्यावर मात्र ती संधि संपते.

या परतफेडीला मोठें साहाय्य होतें तें फ्ल्युओराइड या क्षाराचें. फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यानें १९०१ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें व्यवसाय आरंभला, तेव्हां तेथील पुष्कळ लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग त्याला आढळले. पुढें असेंही दिसून आलें कीं, असे डागाळलेले दांत किडत मात्र फारसे नाहींत. हा पाण्यांतील फ्ल्युओराइडचा परिणाम आहे, हें १९३१ सालीं उघड झालें आणि १९४५ सालीं ग्रँड रॅपिड्ज या शहराच्या पाण्यांत तें अल्प प्रमाणांत मिसळण्यास प्रारंभ झाला. महाराष्ट्रांत सरसकट तसें करणें योग्य होणार नाहीं. कारण चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या भूजलांत तें मुळांतच अधिक असून त्यापासून दांत व हाडें दोहोंनाही अपाय होतो. शहरांतील कुटुंबाला दहा लाख भागांत सुमारें १००० भाग फ्ल्युओराइड असलेली टूथपेस्ट पुरेशी आहे. तीन वर्षांखालील मुलाला ती तांदळाच्या दाण्याएवढी व पुढें सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी द्यावी, आणि थुंकण्यास शिकवावें. दांत दोन वेळां घासावे. रात्रीं घासल्यावर पाण्यावांचून कांहीं घेऊं नये. खरखरीत राखुंडीनें दांत झिजतात, आणि मिश्री ही तर जाळलेली तंबाखूच असल्यामुळें ती सर्वथा वर्ज्य समजावी.

घराघरांतून सर्वाधिक नुकसान होतें तें मात्र एका गैरसमजानें. दुधाचे दांत २०, आणि ते पडतांना त्यांच्या जागीं नवे येतात, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागें एक दाढ कोणताही दांत न पाडतां निमूटपणें उगवते. ती कायमची असते. दांत पडलेला नसल्यामुळें आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली तरी ‘पडायचीच आहे’ म्हणून सोडून देतात. आणि जी दाढ साठ-सत्तर वर्षें सेवा करावयाची, ती दहाव्या-बाराव्या वर्षींच काढावी लागते. या दाढेच्या माथ्यावरील खांचा इतक्या अरुंद असतात कीं, ब्रशाचा केंसही त्यांत शिरत नाहीं. अशा खांचा राळेसारख्या पातळ द्रव्यानें भरून बुजविण्याचा एक सोपा उपचार आहे. त्यांत कोरावें लागत नाहीं, कीं सुई टोंचावी लागत नाहीं. पहिली दाढ आल्यावर, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी आल्यावर, तो करून घेणें हिताचें असतें.

कवच फुटून कीड आंतल्या मऊ थरांत उतरली म्हणजे दांत भरून घ्यावा लागतो. वैद्य कुजलेला भाग कोरून काढतो व पोकळी बुजवितो. चांदी भरणें या नांवानें जी रीत घरोघर परिचित आहे, तींत चांदी, कथील व तांबें यांच्या भुकटीबरोबर जवळजवळ निम्मा पारा असतो. हें मिश्रण टिकाऊ खरें. पण पाऱ्यानें पाणी व भूमि दूषित होत असल्यामुळें २०१३ सालच्या मिनामाता करारानें त्याचा वापर घटविण्याचें ठरलें, आणि युरोपीय संघांत १ जानेवारी २०२५ पासून अपवाद वगळतां तो बंद झाला. त्याच्या जागीं दांताच्याच रंगाचें, निळ्या प्रकाशानें कांहीं सेकंदांत घट्ट होणारें द्रव्य आलें आहे. मायकेल ब्युओनोकोर यानें १९५५ सालीं दंतवल्काला सौम्य आम्लानें खरखरीत करून त्यावर राळ चिकटविण्याची युक्ति दाखविली. त्यामुळें या द्रव्यासाठीं दांत पूर्वींइतका कोरावा लागत नाहीं.

कीड गाभ्यापर्यंत गेली म्हणजे ठणका सुरू होतो. गाभ्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात, आणि सभोंवार कठीण भिंती असल्यामुळें त्याला सुजण्यास जागा नसते. म्हणून ही वेदना असह्य होते, विशेषतः रात्रीं आडवें झाल्यावर. कांहीं दिवसांनीं ती एकाएकीं थांबते. घरांत सर्वांना हायसें वाटतें. वस्तुतः गाभा मेलेला असतो आणि पू मुळाच्या टोकांतून जबड्याच्या हाडांत उतरूं लागतो. येथें रूट कॅनाल हा उपचार कामीं येतो. १९४३ सालीं स्वीडनमध्यें शोधलेल्या लिग्नोकेननें दांत बधिर करतात, भोंवतीं रबराचा पडदा लावतात, दाढेंतील तीन-चार नलिका बारीक कानशींनीं साफ करून धुतात, आणि गटापर्चा या मलायांतील झाडांच्या चिकानें त्या भरतात. अशी दाढ पुढें ठिसूळपणानें दुभंगूं नये म्हणून तिच्यावर टोपी बसवावी लागते. दुखणें थांबलें म्हणून टोपी टाळली, तर सारा खर्च पुष्कळदां व्यर्थ जातो.

हिरड्यांची गोष्ट निराळी असली तरी तितकीच निकडीची आहे. दांतांवरील थर लाळेंतील चुन्यानें घट्ट होऊन त्याचें कीटण बनतें; तें ब्रशानें निघत नाहीं. त्याच्या दाहानें हिरडी सुटते व हाड झिजतें. कीटण काढल्यानें दांत हलूं लागतात असा जो समज आहे तो उलटा आहे. दांत हाड झिजल्यामुळें ढिले झालेले असतात. कीटणानें ते केवळ टेकून धरलेले असतात.

दांत काढणें हा शेवटचा उपाय. वरची दाढ काढल्यानें दृष्टि अधू होते, या समजुतीला कांहींच आधार नाहीं. पण काढलेल्या दांताची जागा रिकामी ठेवल्यास शेजारचे दांत कलतात व समोरचा लांबतो. तेथें कवळी बसवितां येते, शेजारच्या दांतांच्या आधारानें पूल बांधतां येतो, किंवा जबड्यांत टिटॅनियमचा खिळा रोवून त्यावर दांत चढवितां येतो. हा खिळा हाडाशीं एकजीव होतो. माणसाच्या जबड्यांत तो प्रथम १९६५ सालीं स्वीडनमधील ब्रोनेमार्क यानें बसविला.

खांच बुजविण्यांत दांताचें कांहीं जात नाहीं. भरण्यांत थोडा भाग जातो. रूट कॅनालांत दांताचा प्राण जातो आणि अखेर दांतच जातो. यांपैकीं कोणत्या पायरीवर थांबावयाचें हें बव्हंशीं घरांतच ठरतें. दुखूं लागेपर्यंत दांत दाखवावयाचा नाहीं, असा ज्या घराचा नियम असतो तें पहिल्या दोन पायऱ्या न पाहतांच तिसरीवर येऊन पोहोंचतें. वर्षांतून एकदां तरी, आणि मुलांच्या बाबतींत दर सहा महिन्यांनीं, न दुखणारे दांत दाखविण्याची संवय लागली तर पुढचा पुष्कळसा त्रास व खर्च टळेल.