थरथरणारी पिकअप आणि दोन कोन

‘‘सर, साठना पुढे गई का गाडी थरथर कापस.’’

शिरपूर तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी सांगत होता. त्याची पिकअप केळी घेऊन धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट असा सुरतेचा रस्ता धरते. इंजिन बसले म्हणून त्याने दुसऱ्या गाडीचे इंजिन गिअरबॉक्ससकट बसवून घेतले, आर. सी. बुकात बदलाची नोंदही केली. तेव्हापासून हा थरथराट. चाके तपासली, टायर बदलले, गुण नाही. भरल्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट घाटात सुटला तर पुढचे टोक रस्त्यात रुततेसुद्धा. तेव्हा प्रश्न केवळ त्रासाचा नव्हता.

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारी पोकळ नळी. इंजिन चॅसीवर पक्के, मागचा आस मात्र पाट्यांवर वरखाली होणारा. म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. दोन काटे आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा. गॅरेजात त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ साली या सांध्याचे वर्णन केले, तेही सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांवरील पुस्तिकेत! स्प्रिंगचा नियम शिकवताना आपण ज्याचे नाव घेतो तोच हा हूक.

या सांध्यात एक खोड आहे. दोन दांडे एका रेषेत नसतील तर पहिला दांडा एकसारख्या वेगाने फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेरीत तो दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. त्याचा वेग पहिल्याच्या वेगाला दोन दांड्यांमधल्या कोनाच्या कोज्येने (फळ्यावर आपण लिहितो तो कॉस) गुणले की येणाऱ्या संख्येपासून, त्याच कोज्येने भागले की येणाऱ्या संख्येपर्यंत हेलकावतो. १० अंशांना हा चढउतार सुमारे दीड टक्का, ३० अंशांना मात्र खाली १३ आणि वर १५ टक्के.

हे वर्गात दाखवता येते. गॅरेजमधून सॉकेट पान्याच्या संचातला वाकणारा जोड एक दिवसासाठी मागून आणा. दोन्ही टोकांना कोनमापक चिकटवून जोड टेबलावर ४५ अंशांत वाकवून धरा. फिरवायच्या टोकाचा काटा सुरुवातीला टेबलाला समांतर ठेवा. ते टोक ४५ अंश फिरवले की दुसरे टोक जवळजवळ १० अंशांनी चुकलेले दिसेल. ९० अंशांना दोघे पुन्हा बरोबर. मुलांनी दर १५ अंशांना नोंदी घेऊन आलेख काढला तर त्रिकोणमितीचा कंटाळा निदान एक दिवस तरी जातो.

मग गाडी गुळगुळीत चालते कशी? पुढच्या सांध्याने केलेली चूक मागचा सांधा उलटी करून पुसतो. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. नळीच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत, आणि दोन्ही सांध्यांतले कोन सारखे हवेत. पहिली अट पुष्कळदा सरकत्या जोडात मोडते. शाफ्ट खोलताना खूण केली नाही आणि जोडताना खाच चुकली, की १६ खाचांच्या जोडात एका खाचेला २२.५ अंशांचा फरक पडतो. काटे ९० अंशांनी चुकले तर चुका पुसल्या न जाता एकमेकींत मिसळतात. छिन्नीचा एक टोला मारून खूण करणारा मिस्त्री हुशार समजावा.

आमच्या गाडीत काटे जुळलेले होते. मग आम्ही ओळंबा आणि शाळेतला कोनमापक घेऊन गाडीखाली शिरलो. गाडी सपाट जागेवर, चाके जमिनीवर. जॅकवर उचललेल्या गाडीचा आस लोंबत असतो, तेव्हाचे माप फसवे. गिअरबॉक्सचा उतार मागे १ अंश, शाफ्टचा ९, डिफरन्शियलच्या पिनियनचा ४. म्हणजे पुढच्या सांध्यात ८ अंश आणि मागच्यात ५. उरलेली चूक ३ अंशांची नव्हे, बरे का! लहान कोनांना चढउतार कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ६४ वजा २५ म्हणजे ३९, त्याचे वर्गमूळ सुमारे सव्वासहा. जणू सव्वासहा अंशांचा एकटा सांधा गाडीला जोडला होता. ताशी साठ किलोमीटरला २.१ मीटर परिघाचे चाक सेकंदाला सुमारे ८ फेऱ्या मारते. डिफरन्शियलचे प्रमाण चारास एक धरले तर शाफ्ट ३२. प्रत्येक फेरीत दोन हिसके, म्हणजे सेकंदाला ६४.

फेरीला एकच हिसका असता तर संशय तोलावर गेला असता. नळी कापून पुन्हा वेल्डिंग केली की उष्णतेने ती किंचित वाकते. मध्यापासून ४० मिलिमीटरवर २० ग्रॅम जादा वजन राहिले तरी त्याच वेगाला ते सव्वातीन किलो वजनाइतके ओढते, दुप्पट वेगाला चौपट. म्हणून वेल्डिंगनंतर लेथवर नळीची सरळता आणि मग तोल तपासणे टाळू नये. शिवाय नवा गिअरबॉक्स आखूड निघाला म्हणून दीड मीटरचा शाफ्ट १.८ मीटर केला, तर ज्या वेगाला तो धनुष्यासारखा वाकून फडफडू लागतो तो धोक्याचा वेग ६९ टक्क्यांवर येतो, कारण तो लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांब गाड्यांत शाफ्टचे दोन भाग करून मध्ये सेंटर बेअरिंग देतात ते याचसाठी.

सरकत्या जोडाला दोन्हीकडे वाव हवा. तो पूर्ण आत बसला तर खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर धक्का बसतो; फार बाहेर राहिला तर निसटतो. पूर्ण दाबल्यावर सुमारे २५ मिलिमीटर बाहेर, हा नेहमीचा ठोकताळा. पण माप रिकाम्या आणि भरल्या अशा दोन्ही गाड्यांवर घ्यावे. कोन अगदी शून्य करणेही बरे नाही. क्रॉसच्या टोप्यांतल्या सुया मग फिरतच नाहीत, एकाच जागी घासून खड्डे पाडतात. अर्धा-एक अंश हवाच.

नव्या गिअरबॉक्सची मागची बाजू आडव्या पट्टीला टेकत होती म्हणून मिस्त्रीने त्याखाली ३० मिलिमीटरचे लाकूड सारले होते. इंजिनाच्या आधारापासून ६०० मिलिमीटर मागे ३० मिलिमीटर उंची म्हणजे जवळजवळ ३ अंश! आडवी पट्टी बदलून लाकूड काढले. आता गिअरबॉक्स ४ अंश, शाफ्ट ८, पिनियन ४. दोन्ही सांध्यांत ४-४ अंश.

साक्रीपर्यंत रिकामी गाडी पळवून पाहिली, मग केळी भरून. सत्तरला आरशातली प्रतिमा स्थिर होती. काढलेले लाकूड त्याने अजून डॅशबोर्डवर ठेवले आहे.