हप्ता झेपेनासा झाला म्हणजे घर गेलंच?

मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टायपात 'ताबा सूचना' छापून येतात: कर्जदार, जामीनदार, फ्लॅट क्रमांक, चतुःसीमा, थकबाकी. नोकरी गेलेल्या किंवा धंदा बसलेल्या माणसाला आपलं नाव तिथे दिसायची धास्ती असते. मग तो ऐकीव माहितीवर चालतो.

'दोन हप्ते चुकले की बँक कुलूप ठोकते.' तसं होत नाही. थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं. त्यानंतर तारण मालमत्तेतून कर्जवसुलीसाठीच्या 2002च्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) खाली नोटीस येते आणि रक्कम भरायला 60 दिवस मिळतात. लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढचा ताबाही बहुधा आधी 'सांकेतिक' असतो. म्हणजे नोटीस दाराला चिकटते, दोन वृत्तपत्रांत येते, पण माणसं घरातच राहतात. त्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं.

हे कळल्यावर काहीजण निवांत होतात, आणि तिथेच फसतात. 'लिलावाच्या दिवशी पैसे भरून घर सोडवू' हे याच कायद्यातल्या 2016च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. सगळी थकबाकी खर्चासह लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधी भरायला हवी.

'बँकेत आपणहून गेलो तर ते सावध होतील.' होऊ द्या की! मुदतवाढ, पुनर्रचना, काही महिन्यांची सवलत यावर बोलणी व्हायची तर ती खातं बिघडण्याआधी. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं असेल तरी आधीचे हप्ते वेळेवर गेलेले लागतात. मुदतवाढ मात्र हिशेब करूनच घ्यावी. 30 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे 27,000 बसतो. तेच 30 वर्षांचं केलं तर हप्ता उतरतो जेमतेम 2,850 रुपयांनी, आणि एकूण व्याज वाढतं 22 लाखांच्या आसपास. महिन्याला दहा हजारांची तूट असेल तर या मार्गाने ती भरून निघणार नाही.

अशा वेळी घर विकणं हाच शहाणपणाचा मार्ग असतो, आणि नेमका तोच 'कर्ज असलेलं घर विकता येत नाही' या समजुतीपायी राहून जातो. विकता येतं. आपल्या बँकेकडून शिल्लक कर्जाचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या कागदपत्रांची यादी घ्यायची. सोसायटीचा ना हरकत दाखला काढायचा. खरेदीदाराची बँक शिल्लक कर्जाची रक्कम थेट आपल्या बँकेत भरते, बोजा उतरतो, मूळ करारनामा खरेदीदाराच्या बँकेकडे जातो, उरलेले पैसे आपले. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंडही नाही. गिऱ्हाईक आपण शोधलं तर भावावर घासाघीस करता येते. लिलावात राखीव किंमत बँक ठरवते.

'किल्ल्या बँकेला दिल्या की सुटलो' हे अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात काही कर्जांबाबत खरं आहे. आपल्याकडे नाही. लिलावात कमी रक्कम आली तर उरलेलं कर्जदार आणि जामीनदाराकडून वसूल करता येतं. जास्त आली तर वरची रक्कम कर्जदाराची. ती मागायला मात्र कित्येकजण जातच नाहीत.

'सेटलमेंट केली, म्हणजे तडजोडीने कमी रक्कम भरून खातं मिटवलं, की पाटी कोरी' हेही अर्धवट. क्रेडिट अहवालात खातं 'सेटल्ड' दिसतं, आणि पुढच्या कर्जाला ते आडवं येतं.

राहिली तुरुंगाची भीती. कर्ज न फेडता येणं हा गुन्हा नाही, पण दिलेला चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138 लागू शकतं. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करणं रिझर्व्ह बँकेला मंजूर नाही. त्याची लेखी तक्रार आधी बँकेकडे करायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.