कोकणातील घरासाठी बिनतारी छत-ध्वनिक्षेपक : निवड आणि बसवणी

प्रस्तावना : घरातील श्रवणसाधनांचे स्वरूप गेल्या दोन दशकांत झपाट्याने पालटले आहे. दिवाणखान्यातील रेडिओची जागा आता छतात बसविलेले व मोबाइलवरून चालणारे ध्वनिक्षेपक घेऊ लागले आहेत. मोठ्या शहरांतील सदनिका समोर ठेवून केलेली त्यांची वर्णने वाचून रत्नागिरीतही ही खरेदी होते. मात्र येथील भिंत, छत व हवा निराळी आहे. प्रस्तुत लेखकाने सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना सकाळच्या बातम्या नीट ऐकू याव्यात म्हणून अशी एक जोडी घेतली. आवाज मोठा झाला, शब्द मात्र कळेनात. प्रस्तुत विवेचनाचे मूळ या अनुभवात आहे.

तार आणि भिंत : ‘बिनतारी’ हे विशेषण फसवे आहे. तारेविना येतो तो संदेश, वीज नव्हे. शिवाय जोडीतील बहुधा एकाच ध्वनिक्षेपकात ध्वनिवर्धक असतो व दुसऱ्याकडे त्यापासून तार न्यावी लागते. म्हणून रंगकामापूर्वीच तारांचा मार्ग निश्चित करावा.

ब्लूटूथच्या लहरींची वारंवारता सुमारे २.४ गिगाहर्ट्‌झ असून घरगुती साधनांत त्यांचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर धरतात. ओटीवरील मोबाइल आणि माजघरातील ध्वनिक्षेपक यांच्यामध्ये जांभ्याची जाड भिंत आली की हा पल्ला बराच घटतो. जांभा सच्छिद्र आहे. पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि पाणी या लहरी शोषते. मे महिन्यात सुरळीत चाललेले यंत्र जुलैत अडखळू लागले, तर दोष यंत्राचाच असेल असे नाही. अनेक खोल्यांसाठी वाय-फायवर चालणारी साधने घेऊन राउटर माजघरात ठेवणे अधिक श्रेयस्कर.

छत : छतात बसणाऱ्या साडेसहा इंची ध्वनिक्षेपकाला साधारण आठ इंच व्यासाचे छिद्र आणि वर चार इंच पोकळी लागते. ती फॉल्स सीलिंगमध्ये मिळते, स्लॅबमध्ये नाही. स्लॅब कोरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सळई उघडी पडली की खाऱ्या हवेत ती गंजते, फुगते आणि काँक्रीट सुटू लागते. तेथे छताखाली पृष्ठभागावर बसणारा प्रकारच योग्य. फॉल्स सीलिंग असले तरी वजन पीओपीवर न टाकता वरच्या स्लॅबला टांगावे. कौलारू घरात ते वाशाला अडकवावे.

जागेचे गणित सोपे आहे. छत १० फुटांवर आणि खुर्चीत बसलेल्याचे कान ४ फुटांवर धरल्यास अंतर ६ फूट होते. ९० अंशांत आवाज पसरविणारा ध्वनिक्षेपक कानाच्या पातळीवर १२ फूट व्यासाचे वर्तुळ व्यापतो. परंतु व्यंजनांची स्पष्टता ज्या उच्च वारंवारतांवर अवलंबून असते, त्या वर्तुळाच्या कडेला क्षीण होतात. वार्धक्यात श्रवणशक्ती प्रथम घटते तीही त्याच पट्ट्यात. आमच्या घरी वडिलांची खुर्ची नेमकी त्या कडेला होती.

दुसरे कारण प्रतिध्वननाचे. वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठात आसनांच्या गाद्या एका व्याख्यानगृहात आणून दाखवून दिले, की खोलीतील शोषक पृष्ठभाग वाढला की आवाज रेंगाळण्याचा काळ घटतो. गुळगुळीत लादी, उघड्या भिंती व वर स्लॅब असलेल्या खोलीत एक अक्षर विरण्यापूर्वी दुसरे येऊन आदळते. जाड पडदे आणि एक सतरंजी यांनी आमचे अर्धे काम झाले. उरलेले, ध्वनिक्षेपक खुर्चीच्या वर सरकविल्याने.

हवा आणि वॅट : दमट हवेत कागदी शंकूला बुरशी येते व फोमची कड झिजून तुटते. त्यामुळे पॉलिप्रॉपिलीनचा शंकू, रबरी कड आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू पाहून घ्यावेत. वीजजोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवावा.

विक्रेते वॅटचा आकडा पुढे करतात. वस्तुतः वॅट दुप्पट केल्याने पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट मोठा भासण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. गच्चीवरील पत्र्याच्या शेडवर आषाढसरी कोसळू लागल्या, की ही स्पर्धा जिंकणे कोणत्याही घरगुती यंत्राला शक्य नाही. अशा सकाळी वडील आपला जुना ट्रान्झिस्टर कानाशी धरतात.