घरांतील गारवा : हवा, पाणी आणि यंत्र

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयानें अंकुशनगर वसलें आहे. या भागांत एप्रिल-मे महिन्यांत उष्णतामान चाळीस अंशांच्या पुढें जातें, आणि नेमक्या त्याच वेळीं विहिरी तळ गांठतात. त्यामुळें घर गार कसें ठेवावें या प्रश्नास येथें दुसरा प्रश्न जोडलेला असतो : त्या गारव्यासाठीं किती पाणी व किती वीज खर्चावी?

माठांतील पाणी गार कां होतें हें ज्यास उमगलें, त्यास कूलरचें मर्म उमगलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. एक लिटर पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतें. दारांखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडण्याची जुनी चाल याच तत्त्वावर आधारलेली होती. कूलरनें तिला पंखा व पंप यांची जोड दिली, इतकेंच. मात्र हवा जितकी कोरडी, तितकाच हा उपाय सफल होतो. बाहेर ४० अंश उष्णता व २० टक्के आर्द्रता असतां चांगला कूलर सुमारें २६ अंशांची हवा देतो. पावसाळ्याच्या तोंडीं ३२ अंश व ७० टक्के आर्द्रता असतां तोच कूलर हवा जेमतेम साडेतीन अंशांनीं उतरवितो. खिडकी बंद ठेवल्यास कोंडलेल्या दमट हवेमुळें उरलासुरला गुणही जातो. म्हणून समोरची खिडकी उघडीच हवी.

वातानुकूलन यंत्राचा प्रकार याच्या उलट आहे. त्यास बंद खोली लागते आणि हवेच्या आर्द्रतेवर तें फारसें अवलंबून नसतें. त्याची शक्ति ‘टनां’त मोजतात, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता घेतो, तितकी खोलींतून काढणारें यंत्र तें एक टनाचें. तितकेंच काम कूलरच्या मार्गानें करावयाचें, तर तासाला पांच लिटर पाणी आटवावें लागेल. पाण्याची ही बचत विजेच्या बिलांत मात्र भरून द्यावी लागते. तारांकित वातानुकूलन यंत्रें १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांवर बेतूनच विक्रीस येतात. त्याहून खालीं उतरणारा प्रत्येक अंश खर्च वाढवितो.

आठ तासांत चाळीस लिटर पाणी ही सुकाळांत क्षुल्लक बाब वाटेल. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यानें जे हाल सोसले, आणि एप्रिल २०१६ मध्यें लातूरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें स्मरल्यास प्रत्येक घागरीचा हिशेब मनांत येतो. यासाठीं यंत्राआधीं घराकडे पाहावें. मराठवाड्यांतील धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दुपारचें ऊन सहज आंत येऊं देत नसत. आजचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापून रात्रीं तीच उष्णता खोलींत सोडतो. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात फिरविला आणि पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून आडोसा केला, तर लहान यंत्रावर भागतें.

निगेविषयीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बोअरचें पाणी आटलें तरी त्यांतील क्षार मागें उरून ताट्यांवर पांढरा थर धरतो. ताट्या वेळींच बदलाव्या. सांचलेल्या पाण्यांत डेंग्यूचे डास वाढतात. म्हणून टाकी दर आठवड्यास रिकामी करून घांसावी व कोरडी करावी. वातानुकूलन यंत्राची जाळी पंधरवड्यास धुवावी. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पत्र्याचा सांगाडा, पाणी व वीज हीं तिन्ही कूलरमध्यें एकत्र येतात. अर्थिंग तपासल्याविना तो लावूं नये, आणि बटण बंद करून पिन काढल्याविना पाणी भरण्यास मुलांस धाडूं नये. या एका हयगयीनें उन्हाळ्यांत माणसें दगावतात.

सारांश, कोरड्या हवेंत व पुरेशा पाण्यांत कूलर, दमट हवेंत वा पाण्याच्या टंचाईंत वातानुकूलन, आणि या दोहोंच्या आधीं छप्पर व सावली, असा क्रम ठेवणारें घर खर्चांतही सुखी राहील आणि गांवाच्या विहिरीलाही भार होणार नाहीं.