संगणक आला, विद्या आली का?

शाळेत संगणक येतो, नारळ फुटतो, पाहुण्यांचे छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी यंत्र बिघडेल या भीतीने खोलीला कुलूप लागते. ही कथा आपल्या परिचयाची आहे. म्हणूनच शासन काय देते आणि त्यातील मुलांच्या हाती काय लागते, हे दोन प्रश्न वेगवेगळे धरून आम्ही येथे थोडी माहिती देत आहोत.

केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ हा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला व निवडक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ संगणक पुरविले. डिसेंबर २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी ‘आयसीटी ॲट स्कूल’ ही योजना आली. २०१० मध्ये तिच्यात सुधारणा होऊन या विषयासाठी स्वतंत्र शिक्षक नेमण्याची तरतूद झाली. ही सुधारणा महत्त्वाची, कारण यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते, शिक्षकाचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. २०१८ पासून ही योजना ‘समग्र शिक्षा’ अभियानात समाविष्ट आहे.

इतक्या वर्षांनंतरचे चित्र काय? केंद्राच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक, तर ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट उपलब्ध होते. ही आकडेवारी सरकारी आणि खाजगी अशा सर्व शाळांची आहे.

केरळने वेगळी वाट धरली. तेथे २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, माहिती तंत्रज्ञान हा दहावीच्या परीक्षेचा विषय झाला आणि मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारल्याने परवाना शुल्काचा भार टळला. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. पुढे ‘लिटल काइट्स’ या मंडळांतून विद्यार्थीही या कामात सहभागी झाले.

केरळच्या अनुभवावरून एक गोष्ट स्पष्ट होते. निधी केवळ खरेदीसाठी दिला तर यंत्र जुने होते आणि मूल अडाणीच राहते. तोच निधी शिक्षक, दुरुस्ती आणि वेळापत्रकातील निश्चित तासिका यांसाठीही दिला, तर विद्या रुजते. ज्याच्या घरी संगणक आहे, त्या मुलाचे शाळेवाचून फारसे अडणार नाही. ज्याच्या घरी तो नाही, त्याच्यासाठी शाळेतील ती खोली हेच एकमेव दार आहे. पालक सभेत आपण एवढेच विचारावे: त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, आणि आठवड्यातून किती वेळा ती उघडते?